बेळगाव ते चेन्नई: शरथ कमलची शेवटची स्पर्धा बघायला

बुधवार, २६ मार्च २०२५

मार्चच्या सुरुवातीला बातमी आली की अचंता शरथ कमल चेन्नईतली डब्ल्यूटीटी (वर्ल्ड टेबल टेनिस) स्टार कंटेंडर स्पर्धा खेळणार आणि मग बॅट ठेवणार, आणि त्याच रात्री आमच्या टेबल टेनिसच्या ग्रुपवर सरांनी, म्हणजे आमच्या कोचनी, एवढंच टाकलं, "कोण कोण येणार बोला." सुरुवातीला निम्मा ग्रुप हो म्हणाला, मग कुणाच्या पोराची परीक्षा, कुणाच्या घरी लग्न, कुणाला रजा नाही असं करत करत शेवटी चौघं राहिलो. सर, निपाणीचे अण्णा, माझा भाचा आणि मी.

हीच स्पर्धा २०२३ आणि २०२४ ला गोव्यात झाली होती, तेव्हा आमच्यातले काही जण पहाटे चोर्ला घाटातून जाऊन रात्री घरी जेवायला परत आलेले. चेन्नई म्हणजे तसं नाही, दोन गाड्या आणि चोवीस तासांच्या वर प्रवास. त्यात रविवारी पाडवा. ताई जरा नाराजच होती, "वर्षाचा सण आणि पोरगं घरात नको काय रे?" म्हणाली, पण संध्याकाळी स्टेशनवर डबा घेऊन तीच आली. ज्वारीच्या भाकऱ्या, झुणका, शेंगदाण्याची चटणी, आणि वरून कुंदा. भाच्याला दहा वेळा सांगून झालं की मामाचा हात सोडू नको, पोरगा चौदा वर्षांचा आहे आणि माझ्यापेक्षा उंच आहे तरी.

राणी चन्नम्मा एक्सप्रेस. अण्णा निपाणीहून एसटीने दुपारीच येऊन बसलेले. अण्णांचं आयुष्य तंबाखूच्या वखारीत गेलं पण संध्याकाळचे दोन तास टेबलवर, आजही बॅटला लाँग पिंपलचं, म्हणजे लांब दाण्यांचं, रबर लावून खेळतात आणि आमच्यातल्या तरण्या पोरांना रडवतात. खानापूर गेलं, लोंढ्याला चहा झाला, आणि अण्णा सुरू झाले. २००६ च्या मेलबर्न कॉमनवेल्थमध्ये शरथने फायनलला ऑस्ट्रेलियाच्याच विल्यम हेन्झेलला त्याच्या घरच्या लोकांसमोर हरवून एकेरीचं सोनं घेतलं तेव्हा हा माझा भाचा जन्मलाही नव्हता. मग २०२२ ला बर्मिंगहॅममध्ये परत तेच सोनं, लियाम पिचफर्डला हरवून, वय चाळीस! मधली सोळा वर्षं मोजा म्हणाले अण्णा. पाच ऑलिंपिक, दहा वेळा नॅशनल चॅम्पियन, पॅरिसला देशाचा झेंडा हातात.

मला स्वतःला पदकांपेक्षा दुसरीच गोष्ट मोठी वाटते. हा माणूस पोरवयात ३८ मिलिमीटरच्या बॉलवर आणि एकवीस पॉइंटच्या गेमवर खेळायला शिकला. २००० ला बॉल ४० चा झाला, २००१ ला गेम अकरावर आला, २००२ ला हात आडवा धरून सर्व्हिस लपवणं बंद झालं, २००८ ला स्पीड ग्लू (रबराचा वेग वाढवणारा गोंद) गेला, २०१४ ला सेल्युलॉइड जाऊन प्लॅस्टिकचा बॉल आला. दर वेळी टायमिंग बदललं, स्पिन बदलला, आणि दर वेळी शरथने आपला हात नव्याने बसवला. आमच्याकडे रबर बदललं तर पोरं महिनाभर कुरकुरतात.

गुरुवार, २७ मार्च

सकाळी बेंगळुरू, आणि दुपारच्या बृंदावन एक्सप्रेसपर्यंत वेळच वेळ. सरांनी स्टेशनवरच्या बाकावर भाच्याला बसवून मोबाईलवर ड्रॉ समजावला. स्टार कंटेंडर म्हणजे नेमकं कुठल्या पायरीवर, ते पोराला ठाऊक नव्हतं. ग्रँड स्मॅश जिंकलं तर रँकिंगचे २००० पॉइंट, चॅम्पियन्सला १०००, स्टार कंटेंडरला ६००, कंटेंडरला ४००. एकेरीच्या मॅचेस बेस्ट ऑफ फाइव्ह, फायनल तेवढी बेस्ट ऑफ सेव्हन. पोराला हे पॉइंटचं गणित लगेच कळलं, शाळेतलं का कळत नाही ते ताईनेच विचारावं.

रात्री चेन्नई सेंट्रल. गाडीतून उतरल्यावर अंगावर जी दमट हवा येते ती आमच्या बेळगावच्या माणसाला सोसत नाही, मार्चमध्ये आमच्याकडे रात्री अजून चादर लागते. लॉज स्टेशनजवळच घेतलेला कारण जवाहरलाल नेहरू इनडोअर स्टेडियम तिथून चालत जाण्यासारखं आहे. इडली खाऊन झोपलो.

शुक्रवार, २८ मार्च

आता खरं लिहायचं ते आजचं.

टीव्हीवर टेबल टेनिस बघणं आणि तिथे बसून बघणं यात फार फरक आहे, असं सगळेच म्हणतात, पण फरक कशात आहे ते मला आज कळलं. टीव्हीचा कॅमेरा वरून मागून असतो, त्यात बॉलचा वेग दिसतो पण उंची दिसत नाही. आम्ही बसलो होतो साइडला, टेबलच्या पातळीपासून थोडंसंच वर, आणि तिथून दिसायला लागलं की हे लोक नेटच्या वर बॉलला जागाच ठेवत नाहीत. नेट सव्वापंधरा सेंटिमीटर उंच, आणि सर्व्हिसचा बॉल त्याच्यावरून बोटभर अंतराने जातो. सारखा. चुकून एखादा चार बोटं वर गेला की पॉइंट संपला, समोरच्याने मारलाच समजा.

पहिले दोन तास भाचा रॅलीच बघत होता. दोघं टेबलपासून लांब जाऊन टॉपस्पिनवर टॉपस्पिन मारायला लागले की हा खुर्चीतून उठायचा. मग सर त्याला म्हणाले, "आता एक काम कर. पुढच्या मॅचला रॅली बघूच नको. सर्व्हिस बघ, रिसीव्ह बघ, आणि तिसरा बॉल बघ. नंतर डोळे मिटलास तरी चालेल."

पोराने खरंच तसं केलं, आणि अर्ध्या तासाने मला म्हणतो, "मामा, रॅली होतेच कुठे? पॉइंट तर आधीच ठरलेला असतो की."

आधीच ठरलेला असतो म्हणजे काय ते मी जवळून बघितलं ते सांगतो. आमच्या समोरच्या टेबलवर एक खेळाडू सर्व्हिसला उभा राहिला. टेबलवर नेटच्या कडेला जिथे बॉल सहसा पडत नाही तिथे हाताचा घाम पुसला, बॉल दोनदा टेबलवर आपटला, उजव्या हाताचा तळवा सपाट करून त्यावर बॉल ठेवला आणि थांबला. नियमाप्रमाणे बॉल किमान १६ सेंटिमीटर वर जायला लागतो, याने तर डोक्याच्या वर उडवला, आणि खाली येताना बॅट बॉलच्या खालून अशी घसरत नेली की बघणाऱ्याला वाटावं अंडरस्पिन, पण मनगट शेवटच्या क्षणी बाजूला वळलं. बॉल समोरच्याच्या फोरहँडकडे, अगदी शॉर्ट. समोरचा पोरगा पाय टेबलखाली घालून पुढे आला आणि त्याने ना पुश करून बॉल ढकलला ना मनगटाने फ्लिक मारला, नुसती बॅट लावली. बॉल नेट ओलांडून इतका हळू पडला की तो तसाच सोडला असता तर दुसरा टप्पाही टेबलवरच पडला असता. आता सर्व्हिस करणाऱ्याला मारता येईना, त्यालाही शॉर्टच ठेवावा लागला, पण तो शॉर्ट राहिला नाही, जरासा लांब झाला. दुसरा टप्पा टेबलच्या कडेवर पडेल की बाहेर पडेल असा. याला हाफ लाँग म्हणतात. तेवढंच लागतं. समोरच्याने मनगटाने असा काही ओढला की बॉल बाजूने वळून गेला आणि पॉइंट संपला. सगळं मिळून दोन-तीन सेकंद!

आणि आमच्या जिल्ह्याच्या स्पर्धांत काय होतं? सर्व्हिस येते, पोरगं रिसीव्हला लांब पुश करतं, समोरचा मारतो, हा ब्लॉक करतो, टाळ्या पडतात. बेळगाव म्हणा, खानापूर म्हणा, निपाणी-चिकोडी म्हणा, आमच्या पोरांचा फोरहँड बघून बाहेरचे कोच सुद्धा चांगलं म्हणतात, हात चांगला आहे, पाय चांगले आहेत. मग हुबळी ओलांडून बेंगळुरूला स्टेट खेळायला गेलं की पहिल्या-दुसऱ्या राउंडला परत. आम्ही दर वेळी म्हणतो तिकडे फॅसिलिटी आहे, इकडे दोन टेबलं आणि पत्र्याचा हॉल, पावसाळ्यात फ्लोअर ओला. ते खरंच आहे, खोटं नाही. पण शॉर्ट रिसीव्ह शिकायला एसी हॉल लागत नाही. एक टेबल, एक टोपली बॉल, आणि समोर सर्व्हिस टाकणारं कुणीतरी, बस्स. आम्ही ते शिकवलंच नाही कारण ते दिसायला देखणं नाही, आईबापांना रॅली आवडते.

अण्णा सकाळपासून एका बाजूच्या टेबलला चिकटून होते, तिथे एक मुलगी चॉप खेळत होती. टेबलपासून पार मागे जाऊन बॅकहँडने बॉल वरून खाली कापायचा, समोरचीने कितीही जोरात मारू दे. अण्णांचे डोळे भरून आले म्हणजे खरंच आले. आयुष्यभर लोकांनी ऐकवलं की अण्णा तुमचं ते पिंपल म्हणजे फसवाफसवी, हा काय खेळ आहे. ती मुलगी प्रत्येक चॉपला गुडघे इतके वाकवत होती की मागचा गुडघा जमिनीला लागेल असं वाटावं. "बघितलास काय? रबर कुणीही लावेल रे, हे पाय कुठून आणणार," असं भाच्याला म्हणाले आणि संध्याकाळपर्यंत पुढे काही बोलले नाहीत.

आमच्या मागच्या रांगेत हुबळीचं एक कुटुंब. आमचं मराठी ऐकून त्यांनी कन्नडमध्ये विचारलं बेळगावचे का, मग गप्पा कन्नडमध्ये, मधेच हिंदी, मधेच मराठी, त्यांची मुलगीही खेळते. तिला यशस्विनी घोरपडे व्हायचंय. बेंगळुरूची यशस्विनी, मुंबईची दिया चितळे, ही नावं आता आमच्याकडच्या आयांनाही माहिती आहेत, आणि त्यामुळे मुलींना हॉलवर पाठवताना पूर्वीइतके प्रश्न विचारत नाहीत, हे मी डोळ्यांनी बघतोय.

निघता निघता कळलं, उद्या शरथसमोर स्नेहित सुरवज्जुला. म्हणजे आपल्याच देशाचा, हैदराबादचा पोरगा. झोप काय आली नाही.

शनिवार, २९ मार्च

सकाळपासून स्टेडियमचा रंगच वेगळा. म्हातारी माणसं, शाळेची पोरं, बॅटचं कव्हर खांद्याला लावून आलेले, सगळे एकाच माणसासाठी. शरथ चेन्नईचाच, वडील आणि काका दोघांनी मिळून याच शहरात घडवलेला.

शरथ आत आला तेव्हा जो आवाज झाला तो मी इथे लिहू शकत नाही. सरांनी मोबाईल वर धरला आणि मग खाली ठेवून दिला, म्हणाले नुसतं बघू या.

मॅच शरथ ०-३ हरला. मला हे साधंच सांगायचंय कारण बरेच जण फोनवर विचारत होते की "अरेरे, शेवटी हरला काय." तिन्ही गेम जवळचे होते, कुठलाही गेम असा नव्हता की शरथ नुसता उभा राहिला. बेचाळीस वर्षांचा माणूस, अजूनही बॅकहँडच्या कोपऱ्यातून वळून फोरहँड मारायला पाय टाकतो, आणि तो बसला की आवाज वेगळा येतो, बॉल फुटल्यासारखा. पण स्नेहितने त्याला वळायलाच कमी वेळ दिला. कालपासून सर जे सांगत होते तेच. रिसीव्ह शॉर्ट, नाहीतर एकदम खोल कोपऱ्यात, मधलं काही नाही. ज्या माणसाला बघून हा पोरगा लहानाचा मोठा झाला त्याच्याशी त्याच्या शेवटच्या दिवशी, त्याच्या गावात, सगळं स्टेडियम समोरच्याच्या बाजूने असताना, हात न थरथरता खेळायचं. मला तर वाटतं शरथला यापेक्षा मोठा मान कुणी देऊच शकला नसता. दया दाखवून दोन पॉइंट सोडले असते तर तो अपमान झाला असता.

शेवटचा पॉइंट पडला आणि आमच्या स्टँडमधलं एकही माणूस बसलेलं नव्हतं. अण्णा टाळ्या वाजवत होते, थांबेचनात. भाचा रडत होता. मी त्याला काही बोललो नाही.

एकेरी हा कठीण प्रकार आहे. डबल्सला पार्टनर असतो, टीममध्ये बाकावरून हाका येतात. एकेरीत गेमच्या मधे एक मिनिट आणि पॉइंटच्या मधे एखादा शब्द एवढाच कोच, मॅचमध्ये एकदा एक मिनिटाचा टाइमआउट, सहा पॉइंटनंतर टॉवेल, बाकी तू आणि समोरचा. वीस-बावीस वर्षं हा माणूस असा एकटा उभा राहिला, तेही ज्या काळात चीन, जपान, कोरिया, जर्मनीच्या खेळाडूंसमोर भारतीय नाव बघून लोक पुढचा राउंड धरूनच चालायचे. त्यानंतर जी पोरं आली, साथियन, मनिका, श्रीजा, मानव, त्यांना निदान हे ठाऊक होतं की आपल्यातला एक जण तिथे उभा राहू शकतो.

आणि त्याच दिवशी मानव ठक्करने क्वार्टर फायनल मारली! स्टार कंटेंडरच्या एकेरीत सेमी गाठणारा पहिला भारतीय पुरुष. सुरतचा पोरगा. एकाच छपराखाली, एकाच दिवशी हे दोन्ही बघायला मिळालं. रात्री जेवताना सरांनी भाच्याला दोन डोसे जास्त खायला घातले.

रविवार, ३० मार्च, गुढीपाडवा

पहाटे अण्णांनी सगळ्यांना उठवलं. लॉजच्या मागच्या गल्लीत लिंबाचं झाड, तिथून कोवळी पानं तोडून आणलेली, खिशात गुळाचा खडा निपाणीहूनच आणलेला. गुढी काही उभारता आली नाही पण कडुलिंब-गूळ झाला. ताईला व्हिडिओ कॉल, मागे घरची गुढी, भाच्याला अर्धा तास आशीर्वाद.

मग जॉर्ज टाउनमधल्या थंबू चेट्टी स्ट्रीटवर कालिकांबाळ देवीचं दर्शन. शिवाजी महाराज दक्षिण दिग्विजयाच्या वेळी, ३ ऑक्टोबर १६७७ ला इथे येऊन गेले असं देवळात लिहून ठेवलंय. चेन्नईला जाणाऱ्या मराठी माणसाने हे चुकवू नये, सेंट्रलपासून लांब नाही. पाडव्याच्या दिवशी तिथे उभं राहून अंगावर काटा आला. रायगड कुठे, आणि हे समुद्राकाठचं मद्रास कुठे. भाचा विचारतो, मामा, महाराज घोड्यावर आले असतील तर किती दिवस लागले असतील, आणि आपण ट्रेनमध्ये बसून कुरकुर करत आलो.

स्टेडियममध्ये हुबळीवाल्यांनी डबा पुढे केला, बेवू-बेल्ल. त्यांचा उगादी, आमचा पाडवा, दुसऱ्यांदा कडुलिंब खाल्ला.

मानवची सेमी फ्रान्सच्या थिबो पोरेशी. पाचव्या गेमपर्यंत गेली आणि मानव २-३ हरला. हा पराभव मला शनिवारच्यापेक्षा जास्त लागला, कारण फायनल हाताशी आलेली दिसत होती. पण बसून बघताना एक गोष्ट जाणवली, मानव ज्या पॉइंटना अडकला ते रॅलीतले नव्हते, सुरुवातीच्याच दोन-तीन बॉलवरचे होते. असं मला दिसलं, सरांनाही तसंच वाटलं. म्हणजे या लेव्हललाही तोच प्रश्न आहे जो आमच्या पत्र्याच्या हॉलमध्ये आहे, फक्त आम्ही चार बोटांनी चुकतो आणि ते केसाने.

फायनल पोरे आणि कोरियाचा ओ जुनसंग. अठरा वर्षांचा पोरगा! याचे वडील ओ सांग-उन स्वतः कोरियाचे मोठे खेळाडू, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला टीमचं रौप्य मिळवलेले. सातव्या गेमपर्यंत मॅच, ४-३ ने ओ जुनसंग चॅम्पियन. भारतीय कुणी नव्हता तरी लोक हलले नाहीत, प्रत्येक चांगल्या बॉलला दोघांनाही टाळ्या. मला चेन्नईचे लोक फार आवडले, खेळ कळणारे लोक आहेत.

सोमवार, ३१ मार्च आणि मंगळवार सकाळ

परतीची बृंदावन सकाळची. ईदची सुट्टी असल्याने गाडी भरलेली. बेंगळुरूहून रात्री चन्नम्मा.

गाडीत सरांनी वहीत नवीन टाइमटेबल लिहून काढलं, सगळ्यांना वाचून दाखवलं. आजवर आमच्या हॉलवर वॉर्मअप, मग फोरहँड-फोरहँड, बॅकहँड-बॅकहँड, मग मल्टिबॉल (टोपलीतून एकामागून एक बॉल टाकून सराव), आणि शेवटी मॅच असं चालायचं. आता पहिला अर्धा तास नुसती सर्व्हिस आणि रिसीव्ह. नेटच्या दोन्ही खांबांवर काठ्या बांधून नेटच्या चार बोटं वर दोरी लावायची आणि बॉल दोरीच्या खालून गेला पाहिजे. समोरच्या बाजूला टेबलवर नेटपासून वीतभर अंतरावर वहीचा कागद ठेवायचा, रिसीव्ह त्याच्यावर पडला आणि दुसरा टप्पाही टेबलवरच पडला तरच पॉइंट. पोरं कंटाळतील, आईबाप विचारतील हे काय चाललंय, तर त्यांना मानवची पाचवी गेम दाखवायची. अण्णांनी आपणहून सांगितलं, महिन्यातून दोन रविवार निपाणीहून येतो आणि पोरांना लाँग पिंपलवर खेळवतो, कारण स्पर्धेत असा कुणी समोर आला की आमची पोरं गोंधळतात आणि बॉलला शिव्या देतात.

भाचा खिडकीशी बसून रिकाम्या हाताने मनगट वळवत होता, शॉर्ट, शॉर्ट, मग एकदम लांब. "सर, कागद मोठा ठेवायचा की छोटा?" त्याने विचारलं. सर म्हणाले पहिला महिना मोठा, मग निम्मा फाडायचा. बुधवारपासून सुरू.